किल्ली काढल्यावरही धावलेली ट्रूडी

"हे तुमच्यातल्या एकालाही खरं वाटणार नाही," ऑब्री शिर्मर उभा राहत म्हणाला, "आणि मला त्याची पर्वा नाही. मी स्वतः गाडीत बसलेलो होतो, तरी मला अजून खरं वाटत नाही."

"मग आम्हाला कशाला सांगतोस?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"कारण तुम्ही खुलासा मागितलात!" ऑब्रीने खिशातला घडी घातलेला कागद काढून हवेत फडकावला. "खुलासा! ज्या माणसानं एक्केचाळीस वर्षांत आपल्या गाडीच्या एका नटाला परक्याचा पाना लागू दिला नाही, त्याच्याकडे खुलासा! मी काय शाळेत आहे? चेंडू मारून काच फोडली मी?"

"काच नाही, ऑब्री," अध्यक्षाच्या खुर्चीतून डेस रॉस्के शांतपणे म्हणाला. "तंबू. केकचा तंबू. आणि जरा हळू बोल. पत्रे आधीच तापलेत."

डिसेंबरचा, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातला, पहिला रविवार होता, दुपारचे अडीच. विल्कारा गावच्या हॉलचे पत्रे खरोखरच तडतडत होते. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे एकोणीस सभासद घडीच्या खुर्च्यांवर बसून सभेच्या पत्रिकेने वारा घेत होते. बाहेर युकॅलिप्टसच्या सावलीत त्यांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यात ट्रूडी नव्हती. मंडळाच्या सभेला ऑब्री जन्मात पहिल्यांदा बायकोच्या, एल्वाच्या, छोट्या पांढऱ्या गाडीतून आला होता, तोही शेजारच्या सीटवर, मांडीवर सँडविचचा डबा घेऊन. वाटेत पेट्रोलपंपावरच्या दोघांनी त्याला हात केला होता. त्या हात करण्यात काय होतं ते त्याला बरोबर कळलं होतं, आणि त्याची मान अजून लाल होती.

ट्रूडी ही त्याची जर्मन डिझेल गाडी. साय रंगाची, गिअर आपोआप पडणारी, वयाने गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा मोठी. आणि आज प्रश्न तिच्या वहीचा होता.

जुन्या गाडीला तिथे रस्त्यावर यायचं तर मंडळाची वही लागते. वर्षातले नव्वद दिवस गाडी बाहेर काढता येते. ज्या दिवशी काढायची त्या दिवशी वहीत तारीख घालायची. वहीवर मंडळाच्या अध्यक्षाची सही असेल तोवर ती गाडी. सही नसेल तर ते कोंबड्यांचं खुराडं. ट्रूडीची वही आता डेसच्या पुढ्यात मिटून पडली होती. तिच्या एका बाजूला पेन होतं आणि दुसऱ्या बाजूला एल्वाने केलेल्या टोमॅटोच्या सँडविचची बशी.

"गोष्ट सरळ आहे," डेस म्हणाला. तो गव्हाचा शेतकरी; पेरणी करताना चालतो त्याच वेगाने बोलायचा. "तेल जास्त झालं म्हणून इंजिन भडकलं, हे तूच त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलंस. आम्हीही मानतो. आता विचारायचं एवढंच, की ते तेल भरलं कुणी? तपासणीला गाडी नेली होतीस तेव्हा वर्कशॉपनं भरलं असेल, तर तुझा दोष नाही. मी आत्ता सही करतो. तू भरलं असशील, तर ट्रूडी तीन वर्षं शेडमध्ये. नियमच आहे तसा."

"कुणाचा नियम?"

"तुझा. एकोणनव्वद साली तूच लिहिलास."

"तो मी बावळटांसाठी लिहिला होता!"

हॉल हसला. ऑब्री हसला नाही. तीन वर्षांनी तो ऐंशीचा होणार होता. ऐंशीच्या माणसाला डोळे तपासून, गुडघे ठोकून कोण वही देतो ते त्याला ठाऊक होतं. म्हणजे तीन वर्षं नाही, कायमचं. उरलेलं सगळं आयुष्य पांढऱ्या गाडीत, शेजारच्या सीटवर, मांडीवर डबा.

दुसऱ्या रांगेत किरा बसली होती, हाताची घडी घालून. चौतीस वर्षांची, वर्कशॉप तिचं एकटीचं. दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या बेकरीमागची जागा घेऊन तिने ते उघडलं होतं. मंडळाची तपासणी पूर्वी गावातला जुना मिस्त्री वॉली करायचा. वॉली लेकीकडे शहरात राहायला गेला, तेव्हापासून तपासणीचं काम किराकडे आलं. आज वर्कशॉपचं नाव वाईट झालं, तर उद्या सकाळी तिच्या दाराशी कोण गाडी लावणार, हे हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं. ऑब्रीलाही दिसत होतं. म्हणून तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मुळापासून सांगतो," तो म्हणाला.

"नको," तिघे एकदम म्हणाले.

"मुळापासूनच सांगणार! तुम्हाला वाटतं गाडी म्हणजे किल्ली फिरवली की झालं. मी ट्रूडी घेतली चर्चच्या पाद्रीबुवांकडून. पहिल्याच हिवाळ्यात ती सकाळी उठेना. शहरातला मिस्त्री म्हणाला, इंजिन गेलं, नवीन टाका. नवीन टाका! मी इंजिन तापवणारे चारही ग्लो प्लग काढले, बॅटरीला एकेक लावून बघितला. तीन लाल झाले, एक थंडगार. एक! बोटाएवढ्या एका वस्तूसाठी तो माझ्या गळ्यात इंजिन मारत होता. त्या दिवशी मी शपथ घेतली."

"ती शपथ आम्हाला पाठ आहे, गड्या."

"मग हेही पाठ असू दे. टॅपेट मी सेट केले, दर दुसऱ्या वर्षी. नोझल मी काढले, धुतले, बसवले. डिझेलमध्ये हवा धरली की हवा मी काढली. एल्वा चर्चच्या कपड्यांत किल्लीवर आणि मी नळ्यांवर. ती विचारायची, 'आता?' मी म्हणायचो, 'अजून नाही.' ती म्हणायची, 'आता?' मी म्हणायचो—"

"मी चाळीस मिनिटं तेवढंच म्हणत होते," एल्वा चहाच्या बंबाजवळून म्हणाली. "प्रार्थना संपली, लोक जेवून झोपले."

पन्नास वर्षांच्या संसारात तिने एक गोष्ट पक्की जाणली होती: स्वयंपाकघरातून शेडमध्ये गेलेली वस्तू परत येत नाही. कोंबडी भाजायचं मोठं भांडं इंजिनातलं जुनं तेल धरायला गेलं. सूप वाढायचा डाव ग्रीस काढायला गेला. तिचे लग्नातले लांब नायलॉनचे मोजे एकदा तुटलेल्या फॅन बेल्टच्या जागी बांधले गेले आणि एकशेवीस किलोमीटर टिकले. त्याचं ऑब्रीला आजही कौतुक, तिला आजही दुःख. सुरुवातीला ती भांडायची. मग तिने भांडणं सोडलं आणि शेडमधल्या वस्तू उचलायला लागली. ट्रूडीचा जुना रेडिएटर वाटाण्याच्या मांडवाला गेला. चाकाच्या टोपीत कोंबड्या पाणी पीत. जमिनीवर पडलेलं, उपयोगी दिसलेलं काहीही उचलताना तिने विचारलं नाही. त्याने तरी कधी विचारलं होतं?

आणि शेडमधून एखादी वस्तू हरवली तर ऑब्रीचं अडत नसे. कारण त्याच्याकडे कुंपणाची तार होती. ट्रूडीचा सायलेन्सर तारेने लटकला होता, मागचं दार तारेने बंद व्हायचं, बॉनेटचा खटका तारेचा. शेजारचे म्हणायचे, शिर्मरच्या गाडीत मेंढ्या सोडल्या तर त्या आतच राहतील.

"बरं, ऑगस्टवर ये," डेस म्हणाला.

"येतोय! ऑगस्टमध्ये मंडळाचा हुकूम, की ट्रूडीला या बाईंच्या वर्कशॉपला न्यायचं. नेली. आता मला सांगा, मिस्त्री गाडीपाशी आला की पहिल्यांदा काय करतो? ऐकतो. वॉली काय करायचा? बॉनेटवर कान ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि म्हणायचा, 'दोन नंबर.' दोन नंबरच असायचा! ही काय करते? ही संगणक काढते!"

"लॅपटॉप," किरा म्हणाली.

"तो मांडीवर घेऊन ती वीस मिनिटं ट्रूडीच्या स्टीअरिंगखाली चाचपत बसली. मला म्हणते, 'ऑब्री, प्लग कुठाय?' मी म्हणालो, कसला प्लग? 'गाडीला विचारायचं कसं, काय होतंय ते?' मी म्हणालो, अगं बाई, कानानं! ही एकोणिसशे ऐंशीची आहे. तिच्याशी बोलायला तार लागत नाही!"

"तार लागत नाही, हे तुम्ही म्हणताय?" किरा म्हणाली, आणि हॉल पुन्हा हसला.

ऑब्रीचा आवाज चढला. "हसा! गाड्या शिवून टाकल्यात यांनी. बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण. झाकणाखाली झाकण. त्याखाली नट असेल तर त्याला असं भोक, की जगात तसा पाना एकाच माणसाकडे आणि तो रजेवर! दिव्याचा बल्ब बदलायला पुढचा बंपर काढायचा? बॅटरी बदलली की गाडी रुसते, संगणकाशी बोलल्याशिवाय उठत नाही? ही माझी वस्तू आहे की मी तिचा पाहुणा? आणि याला म्हणतात तपासणी! या बाईनं ट्रूडीच्या इंजिनाला एक बोट लावलं नाही. एक बोट! हात जसे धुऊन आली तसे घेऊन घरी गेली!"

काही माना हलल्या. हे दुःख खरं होतं. हॉलमध्ये एकही असा नव्हता ज्याने नव्या गाडीच्या झाकणापुढे उभं राहून शिवी घातली नव्हती. ऑब्रीला त्या माना दिसल्या आणि त्याच्या अंगात बळ आलं.

"आणि तिनंच तेल ओतलं!" तो गरजला.

किराने हाताची घडी सोडली. तिच्या नखांत काळी रेघ होती, चांगली जुनी, साबणाला न जुमानणारी. "थांबा. आत्ताच म्हणालात, मी इंजिनाला बोट लावलं नाही."

"नाहीच लावलंस."

"मग तेल कसं ओतलं?"

"बोट न लावता! तेच तर सांगतोय मी, हल्लीची पद्धतच ती! मी समोर सॉसेज रोल आणायला गेलो होतो, दहा मिनिटं. तेवढ्यात."

"बॉनेट तुम्ही उघडू दिलं नव्हतं. त्याचा खटका कुठाय तेही मला माहीत नाही."

"तो तारेचा आहे. डाव्या बाजूला," मागून कुणीतरी मदत केली.

"ऑक्टोबर," डेस म्हणाला, आणि सँडविचला हात घातला.

ऑक्टोबरवर आल्यावर मात्र ऑब्रीने खुर्चीची पाठ सोडली आणि तो मोकळ्या जागेत आला. या भागाची त्याने आठ आठवडे शेडमध्ये एकट्याने तालीम केली होती.

"शेतकी प्रदर्शनाचा दिवस. जुन्या गाड्यांची मिरवणूक. ट्रूडी पुढे, तुम्ही सगळे मागे. धान्याच्या सायलोजवळचा चढ लागला. मध्यावर ट्रूडी खोकली. मग गप्प झाली. मग तिनं असा एक आवाज काढला, की मी एक्केचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. गुरगुरली! मी पाय उचलला. ती आणखी जोरात! मी किल्ली फिरवली, बंद. ती आणखी जोरात! मी किल्ली काढली. किल्ली माझ्या हातात, गळ्याशपथ, आणि गाडी पुढे! रागानं मी किल्ली खिडकीबाहेर फेकली. किल्ली मागे पडली."

"डिझेलला ठिणगी लागत नाही," किरा शेजारणीला हळूच म्हणाली. "तेल जास्त झालं की वाफेच्या नळीतून वर चढतं आणि इंजिन तेच जाळत सुटतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. हे खरं आहे."

"बघा, तीही म्हणते खरं आहे! ट्रूडी स्वतःचंच तेल प्यायला लागली होती. डिझेल तर ती घेतच नव्हती. टाकीचा काटा वर चढत होता!"

"वर?"

"वर! चढताना अर्धी होती, प्रदर्शनाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाऊण."

"ब्रेक का नाही दाबलास?"

"ब्रेकवर मी बसलो नव्हतो, उभा होतो! डोकं टपाला टेकलं होतं माझं. चाकं लाल झाली. न्यूट्रलला टाकावी म्हटलं, तर ती आणखी पिसाळून फुटली असती आणि तुमची नातवंडं अजून माळावर पिस्टन वेचत बसली असती. कुंपणाकडेनं तीन एमू पक्षी पळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि खाली बसले. लाजून! आणि धूर! असा धूर, की भर अकरा वाजता गावातल्या कोंबड्या झोपायला गेल्या. गुलाबी काकाकुव्यांचा एक थवा त्या धुरात शिरला. पलीकडून निघाले ते कावळे!"

आता हॉलमध्ये कुणी वारा घेत नव्हतं. ऑब्रीचं सांगणं असं असायचं, की खोटं आहे हे माहीत असूनही माणूस पुढचं ऐकल्याशिवाय उठत नसे. सांगता सांगता त्याला स्वतःलाही ते कावळे दिसत होते.

"मैदानात शिरलो. घोड्यांची स्पर्धा चालू होती. मी कडेकडेनं फेऱ्या मारायला लागलो, म्हटलं तेल संपलं की थांबेल. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला परीक्षकानं हात बाहेर काढून माझ्या आरशाला पहिल्या बक्षिसाची निळी फीत बांधली."

"ती फीत मी बघितली आहे," डेस म्हणाला. "ती भोपळ्याची आहे. ब्याण्णव सालची."

"ती दुसरी! सातव्या फेरीला घोडे दमले आणि मध्ये आले. वळवावी लागली. वळवली. समोर तंबू."

इथे लॉर्ना रॉस्के, म्हणजे डेसची बायको, पुढे सरकून बसली. या गोष्टीतला हा भाग तिचा होता.

"तंबूचा मधला खांब ट्रूडीनं छातीवर घेतला आणि ती थांबली. पण इंजिन? इंजिन किंचाळतंय! केकांच्या टेबलावर बत्तीस केक, सगळे काळे पडत चाललेले. मी उतरलो. बॉनेटचा खटका सोडवला—"

"तारेचा."

"तारेचा! दोन मिनिटं गेली त्यात. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. अशा इंजिनाला थांबवायचा एकच उपाय, त्याचा श्वास कोंडायचा. मी टोपी धरली. गिळली! सीटवरची उशी धरली. गिळली! पिसं मागून सायलेन्सरमधून निघाली, पांढरी, बर्फासारखी. विल्काराला बर्फ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मग माझ्या हाताला लागला तुझा केक, लॉर्ना."

"तीन महिने ब्रँडीत मुरवला होता तो!"

"म्हणूनच! तिथं बाकीचे एकतीस केक होते, स्पंज होते, त्यांचा एका फुंकरीत भुगा झाला असता. मी तुझा केक उचलला, दोन्ही हातांनी, आणि हवा ओढणाऱ्या त्या तोंडावर दाबला. ट्रूडीनं ओढला. केक हलला नाही. पुन्हा ओढला. एक बेदाणा हलला असेल. आणि ती गुदमरली, थरथरली, आणि गप्प झाली. जगातल्या कुठल्याही संगणकाला जमलं नसतं ते तुझ्या केकनं केलं!"

"हे कौतुक आहे का?" लॉर्नाने नवऱ्याला विचारलं.

"मला वाटतं, आहे," डेस म्हणाला. त्याच्या ओठांचा कोपरा हलत होता. ऑब्रीने तो कोपरा पाहिला. एकोणीस जणांची हसरी तोंडं पाहिली. आता फक्त एकच पायरी राहिली होती, आणि ती चढायला त्याला किराच्या अंगावर पाय द्यावा लागणार होता.

"गोष्ट झकास आहे, ऑब्री," डेस म्हणाला. "पण मी विचारलेलं राहिलंच. तेल कुणी भरलं?"

किरा उभी राहिली. "मी एकदाच बोलते. त्या गाडीचे मी ब्रेक, टायर आणि दिवे तपासले. तेलाला हात लावला नाही. लावला असता, तर सांगितलं असतं. ऑब्री, माझ्याकडे संगणक आहे म्हणून तुम्हाला माझा राग आहे, तो ठेवा. पण माझ्या वडिलांनी मला डिझेलची हवा काढायला शिकवलं तेव्हा मला स्टूल लागत होतं. तुम्ही मला विचारलंत कधी, मला काय येतं?"

ऑब्रीची नजर पहिल्यांदाच तिच्या नखांतल्या काळ्या रेघेवर गेली. एखाद्याने त्या क्षणी कबूल केलं असतं. पण त्याच क्षणी बाहेर सावली सरकून कुणाची तरी गाडी उन्हात आली, आणि तिच्या काचेची तिरीप हॉलच्या भिंतीवरून फिरली. ऑब्रीला शेजारची सीट आठवली. मांडीवरचा डबा आठवला. पेट्रोलपंपावरचे ते दोन हात आठवले.

"पुरावा पाहिजे तुम्हाला?" तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्षांचा माझा शब्द पुरत नाही, पुरावा पाहिजे? घ्या पुरावा! वर्कशॉपला नेण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी ट्रूडीच्या इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढली. फडक्यानं पुसली. परत घातली, परत काढली. तेल कुठं होतं? दोन खुणांच्या बरोबर मधोमध! त्यानंतर मी एक थेंब घातला नाही. आणि प्रदर्शनात, ट्रूडी गप्प झाल्यावर, मी काय केलं? पहिल्यांदा तीच पट्टी काढली. धूर होता म्हणून तुम्हाला दिसलं नाही. वरच्या खुणेच्या वर चार बोटं तेल! एवढं जाळल्यावर चार बोटं! मधल्या काळात गाडी माझ्या नजरेआड किती वेळ होती? दहा मिनिटं. कुठं? वर्कशॉपमध्ये. आता तुम्हीच सांगा, पट्टी खोटं बोलते का? माणूस खोटं बोलेल, संगणक खोटं बोलेल, पट्टी कशी बोलेल?"

बिनतोड होतं. मागच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. किरा खाली बसली. डेसने उसासा टाकला, अर्धं खाल्लेलं सँडविच डाव्या हातात घेतलं, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"किरा, वाईट वाटतं मला," तो म्हणाला, "पण पट्टी म्हणजे—"

चहाच्या बंबाची तोटी बंद झाली. एल्वाने हातातला कप खाली ठेवला, बशीत, जरा जोरात.

"ऑब्री," ती म्हणाली, "कुठली पट्टी?"

"एल्वा, मध्ये बोलू नकोस. तेलाची पट्टी. ट्रूडीची."

"वर कडी आहे ती? लांब, खाली दोन खुणा असलेली?"

"तीच!"

"ती गेल्या वर्षी ख्रिसमसच्या आधी शेडच्या दाराशी मातीत पडली होती. तेव्हापासून माझ्या वाफ्यात रोवलेली आहे. तू तेल बघतोस ते कुंपणाच्या तारेनं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसतं. भेंडोळ्यातली तार, वळलेली, ती तळाला पोचतच नाही. दर वेळी कोरडी वर येते, आणि दर वेळी तू म्हणतोस, 'बिचारी तहानलेली आहे,' आणि ओततोस." तिने डेसकडे बघितलं. "आणि डेस, तू जो टोमॅटो खातोयस ना, तो त्याच पट्टीला बांधून वाढलाय."